सामानापाशी कोण?

आमच्या घरात राग फक्त मला येतो. बाकीच्यांना ॲसिडिटी होते. मी वीज कंपनीच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक बिलं नाचवत माझ्यावर ओरडतात आणि मी ‘हो साहेब’, ‘बघते हं बाई’ करत तोंडाला कुलूप लावून बसते. त्यामुळे माझा स्वतःचा राग संध्याकाळपर्यंत कोराकरकरीत शिल्लक राहतो, आणि तो मी घरी आणते. आत्या म्हणते, "या मुलीला कुणाविषयी चांगलं बोलताच येत नाही." येतं की. काकूविषयी येतं. पण काकूविषयी चांगलं बोलायचं तर बाकी सगळ्यांविषयी वाईट बोलावं लागतं, त्याला मी काय करू?

काकू म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. बाबा, आई, काका, काकू, त्यांची मुलगी म्हणजे आमची धाकटी, मी, आणि बाबा-काकांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्या नवऱ्याशी पटलं नाही म्हणून चार दिवसांसाठी माहेरी आली आणि तेव्हापासून घर चालवते आहे. धाकटीचं लग्न झालं तेवढी एक खोली मोकळी झाली. एरवी सगळे अजून तिथेच आहोत, एकमेकांच्या पायात पाय घालत.

घर बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. उतार असा की सुट्टीच्या दिवशी दाराबाहेर पाऊल टाकलं की पाय आपोआप समुद्राकडेच जातात. उलट दिशेला जायला काहीतरी कारण लागतं. वाटेत एक न्हावी आहे. त्याने आरसा असा तिरका लावलाय की गालाला साबण फासून बसलेल्या माणसाला आरशात मागून बोटी येताना दिसतात. पुढे बर्फाचा कारखाना. त्याच्या दाराखालून गार पाण्याची एक धार सतत रस्त्यावर येते आणि भर उन्हात मुलं तिच्यात उभी राहतात. घरांच्या भिंती बोटींना लावून उरलेल्या रंगाच्या, म्हणून एक दार हिरवं, चौकट लाल आणि जिना भलत्याच पिवळ्या रंगाचा. संध्याकाळी हे सगळं उजळतं तेव्हा बाहेरून आलेले लोक रस्त्यात मध्येच थांबतात आणि मागून येणाऱ्या हातगाड्यांच्या शिव्या खातात. सुंदर आहे, मी कुठे नाही म्हणते? मला सुंदर गोष्टींचा राग येत नाही. त्या बघायला जाताना कोण काय उचलतं, त्याचा येतो.

दर सुट्टीला दुपारी आमचं कुटुंब समुद्रावर जातं. नुसतं जात नाही, बिऱ्हाड हलवतं. दोन चटया, मोठी छत्री, पाण्याच्या बाटल्या, चहाचा थर्मास, उकडलेली अंडी, पाव, काकड्या, मिठाची पुडी, टॉवेल, प्रत्येकाचे कोरडे कपडे, बाबांचं वर्तमानपत्र आणि आत्याची उशी. हो, आत्या समुद्रावर उशी नेते. वाळू डोक्याला टोचते म्हणे. हे सगळं भरायचं काम आई आणि काकूचं, उचलायचं बहुतेक काकूचं, आणि एकदा वाळूवर उतरलं की मग आत्या विचारते, "सामानापाशी कोण?"

आमच्याकडे हा प्रश्न मला कळायला लागल्यापासून विचारला जातोय आणि आजवर त्याचं उत्तर देताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. आत्या विचारते, विचारता विचारताच चपला काढते. काकांनी तोवर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली असते. आई पदर खोचते, बाबा चष्मा काढून पुढे धरतात, आणि तो चष्मा घ्यायला काकूचा हात आधीच पुढे आलेला असतो. झालं. सगळे पाण्याकडे. काकू सामानापाशी.

सामान सोडून का जायचं नाही, याला घरात पुराणकाळापासूनची कारणं आहेत. कुत्री येतात. पाखरं पाव पळवतात. भरतीचं पाणी कधी चटईला लागेल सांगता येत नाही. आजोबांचं पाकीट एकदा गेलं होतं, असं म्हणतात, म्हणजे आजोबाच म्हणत; आजीच्या मते ते त्यांनी पत्त्यांत घालवलं होतं. त्या पाकिटापायी माझी काकू आयुष्यभर चटईवर बसली.

ती या गावची नाही. तिचं माहेर समुद्रापासून दिवसभराच्या प्रवासावर. नदी होती, पण ती उन्हाळ्यात एवढी आटायची की मुलं तिच्यात चेंडू खेळायची. लग्न होऊन आली तेव्हा तिने समुद्र पाहिलेला नव्हता. आल्यावरच्या पहिल्याच सुट्टीला सगळे तिला घेऊन गेले. नव्या सुनेला समुद्र दाखवायचा! वाळूवर पोचल्यावर माझ्या आजीने हातातली पिशवी तिच्याकडे दिली आणि म्हणाली, "जरा धर गं." सगळे पाण्यात पळाले. काकू नवी साडी सावरत पिशवी धरून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ती खालीही बसली नाही. हे मला आईने हसत हसत सांगितलं, किती साधी होती म्हणून. मला काही हसू आलं नाही. आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण तिचं ते ‘जरा’ काही संपलं नाही.

बरं, काकू म्हणजे मुळूमुळू रडणारी, कोपऱ्यात बसणारी बाई असं कुणी समजू नये. बंदराच्या मागच्या गल्लीत ताडपत्रीचं दुकान आहे, तिथे ती शिवणकाम करते. बोटींची छतं, बाजारातल्या गाळ्यांवरचे आडोसे, ट्रकवर टाकायची कापडं, शाळेच्या नाटकाचा पडदा, सगळं तिथेच शिवलं जातं. एक लांबलचक टेबल, टोकाला मशीन, आणि बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीकडे उघडणारी एकच खिडकी. कापड एवढं जड की एका माणसाला उचलत नाही. जिथे मशीन चालत नाही तिथे काकू हाताने शिवते. दोऱ्याला मेण लावायचं, तळहातावर चामड्याची पट्टी बांधायची आणि दाभण त्या पट्टीने आत ढकलायचं. दाभण कापडातून बाहेर पडतं तेव्हा असा आवाज होतो की समोरचा माणूस आपोआप मागे सरकतो. दुकानाचा मालक तिला ‘पैलवान’ म्हणतो. गिऱ्हाईक शिलाईवरून कुरकुर करायला लागलं की मालक म्हणतो, "पैलवानाला विचारा." मग काकू मान वर करते, दाभण हातात तसंच असतं, आणि बहुतेक गिऱ्हाइकांची तक्रार तिथेच मिटते.

तिथे ती पैलवान. घरी आली की पिशवी.

बेटावर जाणाऱ्या बोटींवरची निम्मी छतं तिच्या हातची. आमच्या धक्क्यावरून समोर एक बेट दिसतं. त्याच्यावर दीपगृह आहे, पलीकडे स्वच्छ पाण्याची एक छोटी खाडी. समुद्र शांत असतो त्या महिन्यांत बोटी जातात, आणि आम्ही वर्षातून एकदा तरी जातोच. म्हणजे ते जातात. बोटीत सामान न्यायला कप्तान कुरकुर करतो. कप्तान म्हणजे बोटवाला; कुठल्या जहाजावर कप्तान नव्हता, पण टोपी आहे. म्हणून सामान धक्क्यावर ठेवायचं. आणि सामान धक्क्यावर म्हटल्यावर पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आपण शिवलेल्या छताखाली बसून इतकी वर्षं आपलं अख्खं घर बेटावर जाऊन आलं, आणि ही बाई त्या छताखाली एकदाही बसली नाही.

आता एक प्रसंग सांगते. त्यावर आमच्याकडे अजून हशा पिकतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी कॉलेजात होते. घरचे सगळे लांबच्या एका किनाऱ्यावर गेले होते, रिक्षा करून. निघताना सगळे चटईपाशी जमले, तेव्हा काकू म्हणाली, "आता तुम्ही आहात तर मी जरा जाऊन येते," आणि पलीकडच्या स्वच्छतागृहात गेली. दिवसभर ती कुठे जाणार होती? सामान होतं ना. तेवढ्यात रिक्षा आल्या. दोन. आत्याने पिशव्या मोजल्या. आत्या पिशव्या मोजण्यात पक्की आहे. मोजदाद बरोबर भरली. काही मंडळी या रिक्षात, काही त्या रिक्षात. मी त्या दिवशी तापाने घरी झोपले होते, म्हणून माझ्यासाठी ही गोष्ट सुरू झाली ती दारातून. सगळे आले, पाय धुतले, पिशव्या उघडल्या, टॉवेल वाळत पडले. आत्या म्हणाली, "मिठाची पुडी कुठे ठेवली गं?" उत्तर आलं नाही. परत विचारलं. मग आई आत बघून आली, काका बाहेर बघून आले, आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. या रिक्षातल्यांना वाटलं काकू त्या रिक्षात, त्या रिक्षातल्यांना वाटलं या रिक्षात.

सगळं सामान घरी आलं होतं. उशीसुद्धा.

काका तिला आणायला निघाले तोवर ती रस्त्याच्या टोकाला दिसली. मासळीच्या टेम्पोत बसून निम्म्या वाटेपर्यंत आली होती आणि पुढे चालत. मी तापातच दारात उभी होते. मला वाटलं, आता ही काहीतरी फोडणार. निदान एखादी बाटली. ती आत आली, टॉवेल बघितले, आणि म्हणाली, "सगळं आलं ना बरोबर?"

आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला.

मी लहानपणापासून भांडत आले आहे. ‘काकूला पण घ्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की चोर-शिपायाच्या खेळातसुद्धा माझ्या तोंडून ते निघायचं. आणि दर वेळी काकूच माझं भांडण बुडवायची. "अगं, मी इथे मजेत आहे. तू जा." तिच्या या ‘मजेत’ने माझ्या किती चांगल्या चांगल्या भांडणांची माती केली म्हणून सांगू! घरच्यांना तर तेवढंच हवं होतं. "तिलाच आवडतं गं," आई म्हणायची. "शांत बसायला आवडतं तिला." काका म्हणायचे, "तिला पाण्याची फारशी हौस नाही." कुणी विचारलं होतं तिला? कधी? कुठल्या वर्षी? माणसाला एका जागी बसवायचं, आणि तो तिथेच बसला की म्हणायचं, बघा, त्याला बसायला आवडतं. आमच्या ऑफिसातल्या खुर्च्यांनाही मग बसायला आवडत असेल.

तर यंदाची गोष्ट.

धाकटी आणि जावईबापू परदेशी नोकरीला निघाले. जायच्या आधी सगळ्यांनी मिळून बेटावर जाऊन यायचं ठरलं. पुन्हा असे सगळे कधी जमतील कुणास ठाऊक. रात्रीच्या जेवणाला हे बोलणं चाललं होतं. कुणी काय आणायचं, निघायचं केव्हा. काकू भात वाढत होती. आत्याच्या ताटात वाढता वाढता ती म्हणाली, "या वेळी मी पण येणार आहे बेटावर."

काकूच्या तोंडून असलं वाक्य या घराच्या भिंतींनीही ऐकलेलं नव्हतं.

"अगं, ये ना!" आत्या म्हणाली. "तुला कोण नको म्हणतंय?"

"हो, ये की," काका म्हणाले. "तूच येत नाहीस."

माझ्या हातातला चमचा ताटावर आपटला. आईने मला डोळ्यांनी दटावलं. मी गप्प बसले, कारण काकूचा चेहरा. ती लाजली होती. काहीतरी मोठं मागून टाकलं आणि ते मिळालं, अशी. डाव तसाच हातात धरून ती स्वयंपाकघरात गेली आणि भाताचं पातेलं बाहेरच राहिलं. मला तेव्हाच कळलं की हिला हे कधीपासून हवं होतं. आणि हेही ठरवलं की या वेळी काही वाकडं झालं तर मी ऐकून घेणार नाही.

त्या सकाळी काकू पांढऱ्यावर बारीक नक्षीची साडी नेसली, केसांना तिने क्लिपा लावल्या, वारा असतो म्हणून. सामान तिने कमी भरलं होतं. उशी ती मुद्दाम विसरली असावी असा मला दाट संशय आहे, पण आत्याने परत जाऊन ती आणलीच.

धक्क्यावर पोचलो तर तिथे जावईबापूंची आई उभी. विहीणबाई. मोठी टोपी, मोठी पर्स, गॉगल.

"सरप्राईज!" त्या म्हणाल्या. "म्हटलं, मुलगा जाणार, एक दिवस आपण पण एन्जॉय करू या."

सगळे ‘या या, छान झालं’ म्हणाले. काकू सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, कारण विहीणबाई तिच्या लेकीच्या सासूबाई.

कप्तानाने बोटीतून माणसं मोजली. मग लाइफ जॅकेटं मोजली. मग पुन्हा माणसं मोजली, आणि टोपी मागे सरकवली. "एक माणूस जास्त होतंय. जॅकेट नाही तर नेता येत नाही आता. बंदर ऑफिसचा माणूस तिकडे उभाच आहे, बघा. एकाने थांबा."

मी तुम्हाला सांगते, पुढचं अर्धं मिनिट मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाबा आभाळाकडे बघायला लागले. काका बोटीचा दोर कसा बांधलाय ते निरखू लागले. आईने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. जावईबापू मोबाईलवर. धाकटी सासूकडे बघेना आणि आईकडेही बघेना. सगळे कशाची तरी वाट बघत होते, आणि कशाची ते सगळ्यांना माहीत होतं.

आत्या म्हणाली, "हो, आणि तसंही, सामानापाशी कोण?"

काकूचा हात पिशवीच्या बंदाकडे गेला. ती हसली. "मी थांबते ना. मी मजेत..."

"नाही!" मी ओरडले.

धक्क्यावरचे लोक वळले. मासे निवडणाऱ्या बायकांनी हात थांबवले. आणि मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, आणि आठवतं तेही सगळं लिहिण्यासारखं नाही. तुमचं सामान घाला समुद्रात, म्हणाले. आजोबांचं पाकीट चोरीला गेलं नव्हतं, हेही म्हणाले. आत्याच्या उशीला तिकीट काढा आणि तिला न्या बेटावर, असंही म्हणाले. मी स्वतः थांबू शकले असते, हो. पण मग काकूने मला थांबू दिलं नसतं आणि गाडी पुन्हा मूळपदावर आली असती. शिवाय मला थांबायचं नव्हतंच. इतकी वर्षं जे कुणी गेले, हसले, भिजले आणि परत येऊन तिच्या हातात ओले कपडे दिले, त्यांच्यापैकी एकाने थांबावं, असं मला वाटत होतं. एकाने. एकदा.

"लोक बघताहेत," आई म्हणाली.

"बघू देत! बघायलाच आलोय ना सगळे इथे?"

मग बाबा घसा खाकरून म्हणाले, "मी थांबतो. माझ्याजवळ पेपर आहे."

आणि काय सांगू, घरच्यांना एकदम वाचा फुटली.

"अहो, तुम्ही कशाला?" आई.

"उन्हात? या वयात?" आत्या.

"एकटाच बसणार का दादा?" काका.

"जेवणाचं काय त्यांच्या? परत यायला चार वाजतील."

"इथे धड सावली पण नाही."

मी ऐकत होते. ऊन! एकटं! जेवण! सावली! हे शब्द यांना येत होते तर! सगळे शब्द घरातच होते, नीट घडी करून ठेवलेले, फक्त काकूसाठी कुणी ते कधी बाहेर काढले नव्हते. चहाच्या टपरीवरून बाबांसाठी खुर्ची आली. छत्री उघडून बांधली गेली. डबा वेगळा काढला. जावईबापूंनी टपरीवाल्याला, "मोठ्या काकांकडे लक्ष ठेवा हं," असं दोनदा बजावलं. काका पुन्हा पुन्हा विचारत होते, "दादा, नक्की ना?" माझ्या वडिलांची खुर्चीवर बसवून अशी काही पाठवणी झाली की बघणाऱ्याला वाटावं, हेच परदेशी निघालेत. आणि या सगळ्या धांदलीत सगळ्यांत जास्त धावपळ कोण करत होतं? काकू. "भाऊजी, पाणी इथे ठेवलंय. भाऊजी, मीठ पुडीत आहे."

मी तिचा दंड धरला आणि तिला बोटीत चढवलं.

बोटीत बाकं ओळीने, सगळ्यांची तोंडं पुढे. कप्तान सुकाणू धरून मागे. छत मळकट पांढऱ्या कापडाचं होतं. काकूने वर हात नेऊन शिवण चाचपली.

"मालक निळं म्हणत होता," ती मला म्हणाली. "मी भांडून हे लावलं. निळ्याखाली माणसं आजारी दिसतात."

मी तिच्यासाठी कडेची जागा धरली, पाण्याला हात लागेल अशी. पण काकू तिथे बसलीच नाही. ती बाकांमधून वाट काढत थेट पुढच्या टोकाला गेली. तिथे दोर ठेवायची एक फळी असते. तिच्यावर ती बसली. पण समुद्राकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून.

बोट निघाली.

"काकू, उलटी बसलीस!" मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात ओरडावंच लागत होतं. "समुद्र तिकडे आहे!"

"अहो, तोंड पुढे करा," मागून कप्तान ओरडला. "मळमळेल!"

"नाही मळमळत," काकू म्हणाली.

ती आमच्याकडे बघत होती. विहीणबाई टोपी धरून सेल्फी काढत होत्या. जावईबापू बेटाचा व्हिडिओ घेत होते आणि काकू मध्ये येत होती म्हणून मान इकडे-तिकडे करत होते. आत्या उशी पाठीशी घेऊन डोळे मिटून बसली होती, माझ्यावरचा राग म्हणून. आई अजून धक्क्याकडे वळून बघत होती, बाबा दिसतात का. धाकटीने कानात इअरफोन घातले होते.

आणि माझा पारा पुन्हा चढला. एवढं भांडून, चारचौघांत तमाशा करून मी हिला बोटीत बसवलं ते कशासाठी? एवढा समुद्र पसरलाय, आणि ही त्याच्याकडे पाठ करून बसते! मी उठून, बाकं धरत धरत, तिच्यापाशी गेले.

"काकू, अगं समुद्र बघ ना! किती वर्षं झाली! आता तरी बघ!"

"काय मघापासून समुद्र समुद्र लावलंयस?" काकू म्हणाली.

तिचा आवाज मोठा होता. इंजिनामुळे असेल, किंवा नसेल. तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्याने डोळे उघडले.

"समुद्र पाहिलाय मी. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पाहिलाय. चटईवर बसून दुसरं करायचं काय होतं? भरती पाहिली, ओहोटी पाहिली, पाण्याचे सगळे रंग पाहिले. पोट भरलं माझं समुद्राने. त्याच्यासाठी आले असं वाटलं तुला?"

मला तसंच वाटलं होतं. सगळं भांडण मी त्याच्यावरच उभं केलं होतं.

"तुम्ही लांब पाण्यात उभे राहून हसायचात," काकू म्हणाली. ती आता माझ्याशी बोलत नव्हती, सगळ्यांशी बोलत होती. "एकमेकांच्या अंगावर पडून हसायचात. मला ऐकू यायचं नाही. परत आल्यावर मी विचारायची, काय झालं हो, तर तुम्ही सांगायचात, पण सांगताना तुम्हाला तसं हसू यायचं नाही. म्हणायचात, जाऊ दे, तिथे असायला हवं होतं." तिने वाऱ्याने तोंडावर आलेले केस मागे सारले. "आता मी आहे. हसा."

विहीणबाईंनी मोबाईल खाली घेतला. धाकटीने कानातले इअरफोन काढले आणि विचारलं, "काय झालं? काय म्हणाली आई?" तिला कुणी सांगितलं नाही.

काकू एकेकाकडे बघत होती. आत्याकडे, मग आईकडे, मग आपल्या मुलीकडे. रागाने नव्हे, कुणी पंगतीत बसून वाढायची वाट बघावी तसं. काकांकडे तिची नजर आली तेव्हा त्यांनी हसायचा प्रयत्न केला. ओठ हलले, दात दिसले, पण ते हसू काही जमेना, आणि मग त्यांनी मान खाली घातली आणि आपल्या दुमडलेल्या पॅन्टच्या कडा नीट करत बसले. आत्याने पाठीची उशी काढून मांडीवर घेतली.

"हसा ना," काकू म्हणाली.

बोट बेटाकडे चालली होती. कुणालाच हसू येईना, आणि काकू आमच्याकडे तोंड करून वाट बघत बसली.